देश गेला, डॉट राहिला

हिंजवडीत किंवा पवईत कुठल्याही नव्या कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड घ्या, शेवटी ‘डॉट आयओ’ असण्याची शक्यता दांडगी. डॉट कॉम म्हणजे काकालोकांचं, डॉट इन म्हणजे सरकारी छापाचं आणि डॉट आयओ म्हणजे एकदम कूल! इनपुट-आउटपुट, कॉम्प्युटरवाल्यांची आपली खूण.

पण बॉस, हा आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट नाहीच. तो ‘इंडियन ओशन’ आहे. ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी नावाच्या एका वसाहतीचा दोन अक्षरी कोड. आपलं जसं डॉट इन, तसं तिचं डॉट आयओ. आणि ती वसाहतच आता गुंडाळायची बोलणी झालीयेत. मग त्या डॉटचं काय?

एरवी मी या भानगडीत पडलो नसतो. माझं ऑफिसचं ईमेलही डॉट आयओवरच आहे, पण ऑफिसचं टेन्शन ऑफिसने घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण बुरोंडीच्या चुलतभावाने होमस्टे काढला. दोन खोल्या, अंगण, समोर नारळी आणि ताज्या माशांचं जेवण. वेबसाइट करायची ठरली. हवं ते छोटंसं नाव डॉट कॉमवर गेलेलं, डॉट इनवरही गेलेलं. डॉट आयओवर मात्र मोकळं! महाग होतं, पण मिळत होतं.

“दादा, घेऊन टाकू? बोर्ड रंगवायला टाकायचाय,” तो म्हणाला.

त्याचं सगळं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. गणपती, दिवाळी, मे महिना, एवढाच सीझन. पत्ता एकदा लोकांच्या फोनमध्ये गेला की तोच धंदा. तो पाच-सात वर्षांनी बंद पडला तर?

संध्याकाळी आम्ही परशुरामाच्या पुतळ्याच्या टेकडीवर गेलो. अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा परशुराम, समुद्र हटवून कोकण वसवणारा. तिथून समुद्र बघताना मी मोबाइलवर नकाशा उघडला. बुरोंडीहून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर ना गोवा लागतो ना केरळ. आधी लक्षद्वीप, मग मालदीव, आणि सुमारे पावणेतीन हजार किलोमीटरवर चागोस बेटांतलं दिएगो गार्सिया. हेच ते डॉट आयओ! आमच्याच समुद्राच्या दुसऱ्या टोकाला.

आता डॉट जातो कसा, ते ऐका. कुठला देश खरा नि कुठला नाही, हे इंटरनेटवाले ठरवत नाहीत. ते हात झटकून आयएसओच्या देशकोडांच्या यादीकडे बोट दाखवतात. यादीत कोड आहे तर डॉट आहे. पण कोड यादीतून उडाला तर डॉट कधी बंद करायचा, याचा लेखी नियम कित्येक वर्षं नव्हताच. ज्याचं त्याचं नशीब! युगोस्लाव्हिया हे नाव २००३मध्ये गेलं, डॉट वाययू ३० मार्च २०१०ला बंद झाला. झाईरचं १९९७मध्ये काँगो झालं, त्याचा डॉट झेडआर २००१मध्ये गेला. सोव्हिएत युनियन १९९१मध्ये संपलं, आणि त्याचा डॉट एसयू? त्यानंतरही तीस वर्षांहून जास्त काळ ठणठणीत!

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. १९७५मध्ये भारतात सामील होण्याआधी सिक्कीमचा ‘एसके’ हा कोड त्या यादीत होता. तेव्हा डॉट-बिट काही नव्हतं म्हणून कुणाचं अडलं नाही. १९९३मध्ये स्लोव्हाकिया जन्मला आणि ‘एसके’ त्याला मिळाला.

सप्टेंबर २०२२मध्ये मात्र इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने नियम मंजूर केला. कोड यादीतून गेला की डॉट चालवणाऱ्याला नोटीस जाते. तिथून पाच वर्षं मुदत. आवराआवरीची नीट योजना दिली तर आणखी पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकते. दहाच्या पुढे नाही.

काकांना हे सांगितलं तर ते हसले. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तरी मालवणच्या पाकिटांवर लोक पुढे कित्येक वर्षं ‘जि. रत्नागिरी’च लिहायचे म्हणे. “पोस्टमनला कळायचं की रे!” इथेच तर गोची आहे. इंटरनेटला पोस्टमन नाही. सगळ्यात वरच्या यादीतली ती एक ओळ पुसली, की त्याखालचे सगळे पत्ते एकदम बेपत्ता. बँकेचं ओटीपी ईमेल असो, नाहीतर भावाचं बुकिंग.

म्हणून मला हा नियम आवडला. पाच वर्षं म्हणजे बोर्ड दोनदा रंगवून होतो. घाबरायचं कारण नाही, आणि घाईही नाही. २२ मे २०२५ला ब्रिटन आणि मॉरिशसने बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या केल्या, पण सही म्हणजे ताबा नव्हे, आणि ताबा म्हणजेही लगेच कोड रद्द नव्हे. नोटिशीनंतरचं घड्याळ त्याच्याही पुढचं.

पण भावाने भलताच प्रश्न विचारला. “त्या बेटांवर राहतं कोण?”

राहत होते. १९६८ ते १९७३च्या दरम्यान तिथल्या सगळ्या माणसांना बाहेर काढलं, दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा होता म्हणून. जहाजात घालून मॉरिशस नि सेशेल्सला नेऊन सोडलं. नारळाच्या बागांत राबणारी माणसं ती, आपल्यासारखीच. पुढे १९९७मध्ये त्यांच्या रिकाम्या घरांच्या नावाने डॉट आयओ सुरू झाला आणि लाखो पत्ते विकले गेले. त्या पैशात वाटा मिळावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. पत्तेवाल्याला पाच वर्षांची नोटीस, घरवाल्याला एकही नाही. नियम करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांचं काम तेवढंच. पण मला ते खटकलं ते खटकलंच.

भाऊ बराच वेळ समुद्राकडे बघत होता. त्याला होड्या मोजायची सवय आहे, त्यामुळे नक्की कशाचा विचार करत होता ते सांगता येत नाही.

मी त्याला डॉट भारत सुचवलं. २०१४पासून देवनागरीत मिळतं, आहे काय! “दादा, पुण्याचं गिऱ्हाईक मोबाइलवर मराठी टाइप करतं का रे?” यावर मी गप्प.

शेवटी त्याने छोट्या नावाचा नाद सोडला. घराण्याचं नाव, पुढे होमस्टे, त्यापुढे अख्खं बुरोंडी आणि मग डॉट इन. एवढं लांबलचक नाव अर्थातच मोकळं होतं. पेंटरने अक्षरांवर पैसे लावले, आणि बोर्डावर मावत नाही म्हणून शेवटचा डॉट इन दुसऱ्या ओळीत गेलाय.