फिश टँकमधला गुन्हेगार

रविवार. डेडलाइन नाही, कुणाचा फोन नाही, आबा गावाला गेलेले. अशा दिवशी माणसाला सफाईचा झटका येतो. मलाही आला. माळा झाला, फ्रिज झाला आणि मग नजर गेली हॉलमधल्या फिश टँककडे. काचेवर हिरवट थर, तळाच्या खड्यांत घाण आणि फिल्टरचा स्पंज तर काळाकुट्ट. शी!

सहाही गोल्डफिश बादलीत काढले. खडे उकळत्या पाण्यात टाकले. स्पंज नळाखाली धरून पार पांढरा होईपर्यंत पिळला. नवं पाणी भरलं, क्लोरिन मारायचे थेंब आठवणीने घातले आणि मासे परत सोडले. टँक इतका चकाचक, की मी मोबाइलवर फोटोच काढला!

सोमवारी आबा शिवथरहून परतले. गुरुवारी संध्याकाळी टँकमध्ये एकही मासा जिवंत नव्हता.

मंगळवारी रात्रीच ते पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. बुधवारी सकाळी पहिला तरंगला, संध्याकाळपर्यंत आणखी तीन. अंगावर डाग नाही, जखम नाही. पाणी तर आरशासारखं. मग झालं काय?

पत्रकार ना मी! संशयित समोरच होता. आबांना चिमटीने नाही, मुठीने दाणे टाकायची सवय. "किती वेळा सांगितलं आबा, थोडंच टाका म्हणून! मारलेत ना सगळे?" आबा काही बोलले नाहीत. जाळीने शेवटचे दोन मासे काढले आणि बाल्कनीतल्या कुंडीत पुरले.

तो टँक खरं तर त्यांच्यासाठीच आणला होता. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याला घेऊन आले. शिवथर म्हणजे महाड तालुक्यातलं, वरंधा घाटाच्या पायथ्याचं आमचं गाव. समर्थांनी दासबोध सांगितला असं मानतात ती शिवथरघळ तिथलीच. पावसाळ्यात घळीवर धबधबा असा कोसळतो, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि इथे? चौथा मजला, बंद दार, मी दिवसभर बाहेर. मासे आल्यावर आबा निदान कुणाशी तरी बोलायला लागले होते.

माशांचं वेड त्यांना लहानपणापासूनचं. आमच्या भागात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचा. तिथले महसीर कुणी मारत नाही, उलट लोक त्यांना खाऊ घालतात. मूठ भरून कुरमुरे टाकले की हातभर मासे वर उसळतात. आबांची मूठ तिथली होती. डोहाला ती चालते. दोन फुटी टँकला नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच माझा निकाल इतका झटपट लागला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले आणि हळूहळू घाम फुटला. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. टँकमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. शाळेत पाठ केलेलं नायट्रोजनचक्र! हे जिवाणू राहतात कुठे? खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या त्या काळ्याकुट्ट स्पंजात. मी त्यांना उकळलं होतं. नळाच्या क्लोरिनने धुतलं होतं. थेंब फक्त टँकच्या पाण्यात घातले होते, स्पंजावर नाही. आबांच्या मुठीने भर पडली असेलही, पण तीच मूठ वर्षभर पचवणारा टँक मी एका रविवारी मारून टाकला होता.

बातमी देताना मी दोन ठिकाणी खात्री करून घेते. घरात मात्र थेट शिक्षा!

सकाळी चहा देताना सांगितलं, "आबा, मासे माझ्यामुळे गेले." सगळं समजावलं. ते म्हणाले, "असू दे गं. तू साफच करायला गेली होतीस." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

या वेळी घाई केली नाही. रिकामा टँक भरला, फिल्टर सुरू केला, रोज जिवाणूंसाठी चार दाणे टाकले आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहिले. बिनमाशांच्या टँकला खाऊ घालणारी मी, शेजाऱ्यांना सॉलिड करमणूक! अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला जवळजवळ सहा आठवडे लागले. मग फक्त दोन मासे आणले. आता आठवड्याला पावभर पाणी बदलतो आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळतो. पांढरा होऊ देत नाही.

मासे मजेत आहेत. तुमच्या घरीही टँक असेल तर एवढंच सांगेन, तो फार चकाचक करू नका.

बाकी एक गोष्ट अजून पूर्वीसारखी झालेली नाही. रोज संध्याकाळी आबा डबा हातात घेऊन टँकपाशी उभे राहतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "टाकू का चार दाणे?"

पूर्वी ते कधीच विचारत नसत.