उत्तरेकडची भिंत

एडिंबरा

चि. गौरीस,


लीड्सच्या घराचे फोटो मिळाले. मागच्या भिंतीला ऊन लागत नाही म्हणून तू खट्टू झालीस, मला मात्र नेमका त्या भिंतीचाच हेवा वाटला. तिथे हाबर्लिया लाव.

ही मूळची बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरांतली. तिची चुलतबहीण रामोंडा पिरेनीजची. दोघी सावलीतल्या कड्यांच्या भेगांमध्ये वाढतात. तुझ्या आईच्या खिडकीतलं आफ्रिकन व्हायोलेट याच कुळातलं, पण ते थंडीत मान टाकतं. या दोघी मात्र बर्फाखालीही हिरव्या राहतात. पानं जाड, सुरकुतलेली, दातेरी काठांची. वसंत सरता सरता फिकट जांभळी फुलं येतात, आत घशाशी पिवळे ठिपके.

पाणी तुटलं की पानं आक्रसून चुरचुरीत होतात. मेली म्हणून उपटू नकोस. वाळताना पेशींमध्ये साखर साठते आणि ती आतला सगळा संसार सांभाळून धरते. अशी हाबर्लिया महिनोन्‌महिने तग धरते. पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा ताठ.

तिला खरं भय थंडीचं नाही, साचलेल्या पाण्याचं. सपाट वाफ्यात लावलीस तर हिवाळाभर पानांच्या मधोमध पाणी राहतं नि गाभा कुजतो. म्हणून भिंतीशी दगड रच आणि रचतानाच दोन दगडांच्या फटीत तिला आडवी बसव, तोंड बाहेर करून. मुळांशी कुजलेला पाला आणि बारीक खडी घाल. दगड अर्धेअधिक मातीत गाडलेले हवेत. पुडिंगवर बदाम खोचावेत तसे दगड खोचणाऱ्यांची रेजिनाल्ड फॅररने १९०७ सालच्या ‘माय रॉक गार्डन’मध्ये यथेच्छ टर उडवली आहे, आणि ती हौस अजून गेलेली नाही!

नर्सरीवाला लंडन प्राइड गळ्यात मारायला बघेल. तीही सावलीतली, सदाहरित, चिवट. नोएल कॉवर्डने १९४१ मध्ये, बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत, तिच्या नावाचं गाणं लिहिलं. गाणं ऐक, पण झाड या भिंतीशी नको. ते पसरतं आणि हाबर्लिया तर फार सावकाश वाढते.

रोप घेताना ते नर्सरीतच वाढवलेलं आहे ना, एवढं विचारून घे. देठासकट काढलेल्या एका पानापासून नवं रोप होतं, त्यासाठी कुणी डोंगर ओरबाडायला नको.

तुझी,
शैलामावशी