प्रतीकाच्या अलीकडचे पान

साहित्याचा अभ्यासक चित्रासमोर उभा राहिला, की पाहण्याआधीच वाचू लागतो. पान दिसले की त्याला नश्वरता आठवते, घड्याळ दिसले की काळ, शंख दिसला की गर्भ. कवितेच्या समीक्षेत मुरलेली ही सवय प्रभाकर बरवे (1936–1995) यांच्या चित्रांसमोर विशेष तोकडी पडते. ‘प्रतीकवादी’ आणि ‘अतिवास्तववादी’ ही विशेषणे त्यांच्या वाट्याला वारंवार आली. ती सर्वस्वी चुकीची नाहीत. परंतु पाहणाऱ्याला ती उंबरठ्यावरच समाधान देऊन परत पाठवतात.

कोकणातील नागाव येथे जन्मलेल्या बरवे यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. या नोकरीच्या निमित्ताने साठच्या दशकात ते काही वर्षे वाराणसीत राहिले. तांत्रिक आकृतींचा संस्कार त्यांच्या चित्रांवर झाला तो याच काळात. तंत्रपरंपरेत त्रिकोणाचा, बिंदूचा, वर्तुळाचा अर्थ चित्रकाराच्या जन्मापूर्वीच निश्चित झालेला असतो. पुढे बरवे यांनी ही तयार सांकेतिकता मागे सोडली आणि ते साध्या वस्तूंकडे वळले, ही गोष्ट त्यांच्या विकासात निर्णायक मानावी लागते. पान, फळ, शंख, ढग, घड्याळ यांचा अर्थ कोणत्याही शास्त्राने लावून दिलेला नव्हता. प्रतीकांचे भांडार हाती असताना त्यांनी ते बाजूला ठेवले, एवढे ध्यानात घेतले तरी ‘प्रतीकवादी’ हे विशेषण किती जपून वापरावयास हवे, हे कळते.

‘अतिवास्तव’ या संज्ञेचेही तसेच आहे. आंद्रे ब्रताँ यांचा 1924 चा जाहीरनामा स्वप्न आणि नेणीव यांच्या मुक्तीची भाषा बोलतो. दाली यांच्या 1931 च्या प्रसिद्ध चित्रातील घड्याळे मऊ होऊन ओघळतात. बरवे यांच्या एनॅमल रंगांतील उत्तरकालीन चित्रांतही वस्तू आपले नेहमीचे आकारमान सोडतात, आधारावाचून तरंगतात आणि अनपेक्षित शेजारी येतात. मात्र त्यात दुःस्वप्नाचा दाह नाही. तेथे आहे ती जागेपणाची, जवळजवळ हिशेबी म्हणावी अशी शांतता. दोन वस्तूंमधील रिकामा अवकाश वस्तूंइतकाच विचारपूर्वक योजलेला असतो. माणूस क्वचित येतो आणि आला तरी तो इतर आकारांतील एक आकार असतो. निसर्ग माणसाच्या भावनांची पार्श्वभूमी होऊन राहत नाही, आणि ‘स्व’ला मध्यभागी राखीव आसन मिळत नाही.

ही दृष्टी छत्रपती संभाजीनगरच्या रसिकाला परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, तिचा एक जुना दाखला आहे. तेथे येणारा प्रेक्षक पद्मपाणीसमोर थांबतो आणि भिंतीवरील जातककथा समजून घेतो. भिंत कथा सांगते. म्हणून तिला वाचक मिळतो. वर छतावर मात्र चौकटीचौकटींतून फुले, फळे, पक्षी आणि प्राणी रंगविलेले आहेत. ती कोणत्याही कथेच्या सेवेस बांधलेली नाहीत. फळ आपल्या चौकटीत फळ म्हणून पुरेसे आहे. बरवे यांनी अजिंठ्यापासून काही घेतले, असा दावा येथे अभिप्रेत नाही. सांगावयाचे ते इतकेच, की आपली समीक्षा भिंत वाचण्यात तरबेज झाली आणि मान वर करण्याची सवय मोडली.

या सवयीची किंमत मराठवाड्यात अधिक मोजावी लागते. येथील कवीच्या वा चित्रकाराच्या निर्मितीत भेगाळलेली जमीन, निष्पर्ण झाड, कोरडी विहीर असावी, अशी एक अलिखित अपेक्षा असते. ती पुरी झाली की त्याला ‘मातीशी नाते सांगणारा’ म्हणून गौरविले जाते. न झाली तर त्याच्या अस्मितेविषयीच शंका घेतली जाते. दुष्काळ खोटा नाही. परंतु त्याची ठरीव चिन्हे पुनःपुन्हा वापरली गेली, की दुष्काळही दिसेनासा होतो. प्रदेशाची ओळख सांगण्याचे काम ज्याच्यावर लादले जाते, त्या कलावंताकडून स्वतःची ओळख शोधण्याचा अधिकार नकळत काढून घेतला जातो.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल: शेतकरी आत्महत्या करीत असलेल्या प्रदेशात ‘पान म्हणजे पान’ असे म्हणणे ही चैन नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर शिवारातच मिळते. कपाशीच्या ओळीतून जाणारा शेतकरी पान उलटून पाहतो, कारण तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असतात. त्याचे सारे वर्ष त्या पानावर अवलंबून असते, म्हणूनच त्याला ते प्रतीक म्हणून पाहणे परवडत नाही. शिरा, कडा, पिवळेपणा हे त्याला आधी नीट पाहावे लागते. अर्थ येतो तो या पाहण्यातून. वस्तूकडे एकाग्रतेने पाहणे हे वास्तवाकडे पाठ फिरवणे नव्हे. वास्तवाला पोहोचण्याची ती पहिली अट होय.

बरवे यांनी आपल्या चित्रविषयक चिंतनाच्या पुस्तकाला ‘कोरा कॅनव्हास’ असे नाव दिले. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, त्याच्या इंग्रजी शीर्षकातही रिकाम्या पेटीचा उल्लेख होता. कोरेपण आणि रिकामेपण यांचा हा योग सूचक आहे. चित्रकाराला कॅनव्हास कोरा मिळतो. समीक्षक मात्र आपली पाटी भरून घेऊन येतो. ती क्षणभर पुसून, पान उलटून पाहण्याची तयारी त्याने दाखवली, तर प्रतीकाच्या अलीकडे थांबलेले ते पान त्याच्याशीही बोलू लागेल.