रताळ्याचे वडे आणि घरचे तेल



28 नोव्हेंबर 2013 रोजी अमेरिकेत दोन सण एकत्र आले. एक सुगीचे आभार मानण्याचा थँक्सगिव्हिंग, दुसरा ज्यू लोकांच्या हनुक्काचा पहिला दिवस. हनुक्का तेलाचा सण. मंदिरातल्या दिव्याला एका दिवसापुरतेच शुद्ध तेल उरले होते, ते आठ दिवस पुरले, अशी कथा आहे. म्हणून या सणाला बटाट्याच्या किसाचे वडे तळतात. त्या वर्षी कित्येक घरांत बटाट्याच्या जागी सुगीची रताळी आली.

आपणही करून पाहा. अर्धा किलो रताळी किसून फडक्यात घट्ट पिळा. बारीक चिरलेला कांदा, एक अंडे, दोन चमचे कणीक, मीठ घालून चपटे वडे थापा. अंडे चालत नसेल तर बेसन घाला. आच मध्यम ठेवा. रताळ्यात साखर असते, मोठ्या आचेवर वडे करपतात आणि आत कच्चे राहतात.

तेलावरून एक आठवण सांगतो. कोकणातले बेने इस्राएल ज्यू पूर्वी तेलाचे घाणे चालवीत; शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आमच्या घरीही भुईमूग घाण्यावर जाई. नोकरीच्या पहिल्या वर्षी भाव चांगला म्हणून मी सगळा विकायला लावला. दिवाळीला दुकानातून तेल आणले. आई काही बोलली नाही; फक्त पणत्या निम्म्याच लावल्या.

तेव्हापासून शेतकऱ्याला विक्रीचा सल्ला देण्याआधी मी विचारतो, "घरापुरते काढून ठेवलेत ना?"