काकांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर

मोबाइलच्या छोट्या स्पीकरमध्ये नखाएवढी चिप आवाज मोठा करते. अर्जुनी मोरगावला माझ्या काकांकडे मात्र हे काम काचेचे व्हॉल्व्ह करतात! बटन दाबल्यावर थोडा वेळ काहीच होत नाही. मग काचेत नारिंगी उजेड दिसतो आणि आवाज येतो.

व्हॉल्व्हमधली हवा काढून टाकलेली असते. आतली एक नळी तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये बारीक तारेची जाळी असते. जाळीवरची वीज जराशी बदलली, तरी इलेक्ट्रॉनांचा प्रवाह खूप बदलतो. झाला आवाज मोठा! ही जाळी अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बसवली.

काका रेडिओ दुरुस्त करायचे. जुन्या रेडिओंचे ईसीसी ८३ आणि ईएल ८४ व्हॉल्व्ह घेऊन त्यांनी हा पाचेक वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवला. पण त्यात सारखी घूंऽऽ व्हायची. काकू आता नाहीत. त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. आवाज हळू, तो त्या घूंमध्ये बुडून जायचा.

उन्हाळ्याच्या सुटीत काका म्हणाले, “बाबू, मले आता बारीक दिसत नाही. हात तुझे, कान माझे.”

त्यांनी ऐकूनच ओळखले, “ही पन्नासची घूं आहे, शंभरची नाही.” आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा झुलते. अ‍ॅम्प्लिफायरसाठी ती एका दिशेची करताना १०० ची घरघर उरते, ती एक सप्तक वरची. आमची घूं खालची, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांची. त्या दोन तारांना मी वेणीसारखा पीळ दिला. दोन्हींतली वीज उलट दिशांनी वाहते, त्यामुळे एकीचा परिणाम दुसरी खोडते. घूं जवळजवळ गेली!

हात घालण्याआधी दर वेळी प्लग काढून कपॅसिटर रिकामे झाल्याचे मीटरवर पाहायचो. आत अडीचशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात. म्हणून तुम्ही जाणत्या माणसाशिवाय असल्या यंत्राला हात लावू नका.

मग दुसरा बदल. स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा रेझिस्टरमधून उलटा करून मागे आणायचा. यंत्राने स्वतः घातलेली खोट त्यामुळे कमी होते. ही युक्ती हॅरोल्ड ब्लॅक या इंजिनिअरला १९२७ साली सुचली. हिस्सा सुलट आला तर मात्र शिट्टी वाजते! रेझिस्टर मोठा लावला तर फरक कळेना, लहान लावला तर आवाज फारच उतरला. चौथ्या रेझिस्टरला काकांनी हात वर केला.

कॅसेट लावली. आवाज पहिल्यापेक्षा लहान, पण स्वच्छ. दोन ओव्यांच्या मध्ये काकूंनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली.

तुमच्या घरी आहे का अशी एखादी कॅसेट? आईबाबांना विचारा. पट्टी खराब होण्याआधी ती मोबाइलवर उतरवून ठेवा.