मूळ म्हणजे कोणते?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘संपूर्ण मूळ अवस्थेत’ हे तीन शब्द आले की किंमत वाढते. मराठीच्या अध्यापकाला मात्र या शब्दांपाशी थबकावे लागते. ‘मूळ संहिता’ हा शब्द आपण वर्गात किती सहजपणे वापरतो! पण मूळ म्हणजे नेमके कोणत्या क्षणाचे?

२०२० साली इंग्लंडमधील एका लिलावात १९३४ची बुगाटी ‘टाइप ५९ स्पोर्ट्स’ विक्रीला आली. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रसिद्ध मोटार-स्पर्धेत तिला सर्वोच्च मान मिळाला. जपणूक वर्गातील, म्हणजे जीर्णोद्धार न केलेल्या मोटारीला हा मान प्रथमच मिळत होता. त्याआधीची अनेक वर्षे तिथे आरशासारख्या लखलखणाऱ्या, नव्याने रंगवलेल्या मोटारींचे राज्य होते. या गाडीचा रंग विटलेला, जागोजागी तडकलेला. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती ‘मूळ’ ठरली.

गंमत अशी की हा काळा रंग तिचा जन्माचा नव्हे. १९३४मध्ये ती ग्रां प्री शर्यतींत धावली ती निळ्या रंगात. नंतर कारखान्यानेच तिचा सुपरचार्जर काढून तिला स्पोर्ट्स कारचे रूप दिले. १९३८च्या सुमारास ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि तिच्यावर काळा रंग व पिवळा पट्टा आला. आज आपण जिला मूळ म्हणतो, ती स्वतःच एक पुनर्लेखन आहे. काळा रंग खरवडून खालचा निळा शोधावा, असे मात्र कुणा जाणकाराच्या मनात येत नाही. झालेले बदल हा तिच्या आयुष्याचा भाग आहे. आज आपण केलेला बदल ही तिच्या आयुष्यातील ढवळाढवळ ठरेल. ही सीमारेषा मला पाठचिकित्सेच्या कित्येक व्याख्यांपेक्षा अधिक स्पष्ट वाटते.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ तात्त्विक नाही. आजीची जात्यावरच्या ओव्यांची वही सध्या माझ्या टेबलावर आहे. ती छापायची आहे. आजी उतारवयात लिहायला शिकली. तिचे ऱ्हस्व-दीर्घ तिचे स्वतःचे आहेत. भाऊ गेल्यावर तिने एका ओवीतला शब्द खोडून दुसरा लिहिला. पुढे कधीतरी आईने निळ्या शाईत एक ओळ जोडली. चुलतभाऊ म्हणतो, ‘शुद्धलेखन नीट करून घे, लोक काय म्हणतील?’ माझ्यातला अभ्यासक म्हणतो, आईची ओळ प्रक्षिप्त आहे, ती गाळ. पहिला सल्ला नवा रंग देण्याचा; दुसरा, काळा खरवडून निळा शोधण्याचा.

मी दोन्ही नाकारायचे ठरवले आहे. खोडलेला शब्द खोडलेलाच दिसेल, आणि आईची ओळ जिथे आहे तिथेच राहील. पुस्तक थोडे गबाळे दिसेल, हे मान्य आहे.

मोडलेली गाडी दहादा दुरुस्त करता येते; मूळपण एकदा गेले की कुठल्याही किमतीला परत येत नाही. म्हणून अशी मोटार घेणारा माणूस तिच्यासोबत एक बंधनही विकत घेतो: हाताशी कुशल कारागीर आणि खिशात पैसा असूनही हात आवरण्याचे. आपल्या व्यवसायातही हे बंधन आहे. फक्त ते पाळल्याबद्दल कुणी बक्षीस देत नाही.