रात्रीचा रस्ता आणि आडवी येणारी हरणे

बीड जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर, ज्वारी-कापसाची राने आणि दिवाळी सरली की बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघालेली माणसे. जंगलाचा जिल्हा म्हणून याचे नाव कोणी घेत नाही. पण रात्री गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा. कुणाच्या गाडीला हरीण आडवे गेलेले असते, कुणाच्या फटफटीखाली रानडुक्कर आलेले असते. जनावर मरते ते मरतेच, पण कित्येकदा माणूसही जायबंदी होतो. म्हणून आज आपण आपल्याच रस्त्यांवरून एक फेरी मारू.

उत्तरेकडून शहागडला गोदावरी ओलांडली की गेवराई तालुका लागतो. हा सोलापूर-धुळे महामार्ग. पूर्वी याचा क्रमांक २११ होता, आता ५२ आहे. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत, त्यामुळे गाड्या सुसाट धावतात. या भागाला जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी आहे. पाणी आहे तिथे ऊस, आणि ऊस आहे तिथे रानडुक्कर. धाब्यावर चहा पिणारा एखादा जुना मालट्रकवाला सांगतो, "हरणाचे डोळे लांबून चमकतात, डुकराचे नाही. ते अंधाराचाच तुकडा असल्यावानी येतं." त्याचे म्हणणे खरे आहे. हरीण, कोल्हा, मांजर यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो. त्यावर दिव्याचा उजेड पडला की डोळे लकाकतात. डुकराच्या डोळ्यात तो पडदा नसतो. शिवाय अंग काळे आणि बुटके. दिसेपर्यंत ते चाकापाशी आलेले असते.

गढी, पाडळसिंगी मागे टाकून बीडकडे निघाले की दोन्ही बाजूंना मोकळी राने लागतात. इथे काळविटांचे कळप. हरीण कधी एकटे येत नाही, ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. जीप चालवणाऱ्याचे बोलणे ऐका : "पहिलं हरीण पलीकडं गेलं, म्हणलं सुटलो. पाय ब्रेकवरून काढला अन् दुसरं बोनेटवर!" कळपातले पुढचे हरीण उडी मारून गेले की मागची त्याच्यामागे धावतात, गाडीकडे बघत नाहीत. त्यातून रस्त्याच्या मध्ये दुभाजक. अर्धा रस्ता ओलांडून हरीण तिथे अडते, दिव्यांनी भांबावते आणि आल्या वाटेने परत उडी घेते.

बीड ओलांडून पालीचे बिंदुसरा धरण आणि मांजरसुंब्याचा घाट. इथे वानरांच्या टोळ्या. घाटातून जाताना वानरांना केळी, बिस्किटे टाकणारे पुष्कळ. पुण्य लागेल असे त्यांना वाटते, पण खाण्याच्या आशेने ती वानरे दिवसभर रस्त्यावर बसतात आणि गाडीखाली सापडतात.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे वळले की नायगावचे मयूर अभयारण्य लागते. १९९४ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोर दिसायला देखणा, पण उडायला जड. चार-पाच किलोचा पक्षी बांधावरून उठतो आणि छातीच्या उंचीवरून रस्ता ओलांडतो. पहाटे दुधाच्या किटल्या लावून निघालेल्या फटफटीवाल्याच्या तोंडावर तो आदळला तर काय होईल, याचा विचार करा. त्याच्या पलीकडे आष्टी तालुका. तिथे २०२० साली बिबट्याने माणसे मारली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणजे बिबट्याही आता आपल्या रानात आहे, आणि त्यालाही रस्ते ओलांडावे लागतात.

ही जनावरे रस्त्यावर का येतात? मरायला तर कोणी येत नाही. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, तेव्हा ती पाण्यासाठी येतात. हिवाळ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासाठी रात्री येतात आणि पहाटे परततात. ऊस तुटला की त्यात दडलेली जनावरे बिथरून बाहेर पडतात. त्यांची वाट जुनी आहे, ओढ्याकाठची, माळावरची. रस्ता तिच्यावरून नंतर गेला. म्हणूनच ती बहुधा ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी ओलांडतात : दिवस मावळताना, रात्री आणि उजाडण्याआधी.

आणि आपली माणसे रस्त्यावर असतात तीही त्याच वेळी. ऊसतोडीची टोळी रात्रीच निघते. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर बायका-पोरे, भांडीकुंडी. अशा गाडीपुढे जनावर आले आणि चालकाने गचकन् चाक फिरवले, तर ट्रॉली उलटायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. जनावर आडवे आले तर चाक वळवू नका. सरळ रेषेत ब्रेक दाबा, हॉर्न वाजवा, दिवा खाली करा. झगझगीत उजेडात जनावर जागीच खिळते. धडक टळत नसेल तरी गाडी रस्त्यावरच राहू द्या. वाचवायला म्हणून वळलेली गाडी झाडावर, पुलाच्या कठड्यावर किंवा समोरच्या गाडीवर जाते.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, ८० ने २२ मीटर. पाय ब्रेकवर पोचायलाच एक सेकंद जातो. आपल्या दिव्यात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, हा साधा हिशोब. आणि फटफटीवर डोक्याला हेल्मेट हवेच, मागे बसलेल्या कारभारणीलासुद्धा.

धडक झालीच तर? माणसाला लागले असेल तर १०८ ला फोन करा. जनावरासाठी वनखात्याचा १९२६ क्रमांक आहे. जखमी जनावराजवळ जाऊ नका. मेलेले हरीण किंवा मोर घरी नेण्याचा मोह तर मुळीच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते सरकारची मालमत्ता ठरते. असे जनावर ताब्यात आले तर ४८ तासांच्या आत कळवावे लागते. मटण शिजवले, शिंगे भिंतीला लावली, तर अपघाताचा गुन्हा होतो. गाडीला फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर मोडतोडीचा पैसा मिळत नाही, हेही ठाऊक असू द्या.

जखमी जनावरांना आधार देणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य सर्पराज्ञी केंद्र चालवते. बरे झालेले जनावर तिथून पुन्हा रानात सोडले जाते.

जनावरांसाठी रस्त्यालाच वाट ठेवता येते. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर पेंचच्या जंगलात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट दिली आहे. तिथून वाघसुद्धा जाताना कॅमेऱ्यात दिसले. एवढे मोठे काम गावाच्या हातचे नाही. पण आपल्या रस्त्यांखाली ओढ्या-नाल्यांच्या मोऱ्या आहेतच. कोल्हा, ऊदमांजर, साळिंदर त्यातून जातात. त्या मोऱ्यांत कचरा आणि काट्याकुपाट्या भरू नका. रस्त्यावर जनावर मरून पडलेले दिसले तर लगेच कळवा, नाहीतर ते खायला आलेला कोल्हा, तरस तिथेच दुसरा बळी होतो.

आणि शेवटचे एक काम ग्रामसभेचे. हरणे कुठून ओलांडतात हे साहेबाला कागदावर दिसत नाही, ते गावच्या मेंढपाळाला आणि रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. त्यांना विचारा, जागा ठरवा, ठराव करून रस्तेवाल्यांकडे फलक आणि गतिरोधक मागा. फलक मिळेपर्यंत परगावच्या पाहुण्याला निघताना एवढे जरूर सांगा : "ओढ्याच्या पुढं जरा दमानं जा, तिथं हरणं आडवी येतात."